आधी नळी मोजा: सुभाषनगरच्या आमच्या छोट्या कारखान्याची वाटचाल

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासऱ्यांच्या हातात रापी होती आणि समोर अर्धवट शिवलेला काडतुसांचा पट्टा. पंचवीस घरांचा, म्हणजे पंचवीस काडतुसं खोवायच्या कप्प्यांचा. सुभाषनगरात घरोघरी चपलांचं काम चालायचं, आमच्याकडे पट्टे आणि बंदुकीची कव्हरं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, मेण लावलेला दोरा, प्रत्येक घराला दोन टाके जास्त. सासरे सांगायचे की एके काळी शिकारीचा हंगाम आला की रात्र-रात्र काम चालायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि ते गिऱ्हाईक संपलं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. "जनावर राहिलं पाहिजे, पट्टा काय, दुसरा शिवू," असं म्हणायचे.

राहिलं ते घाटाखालचं गिऱ्हाईक. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरच्या बंदुका आजही आहेत. भातात रानडुक्कर, नारळावर आणि काजूवर माकडं. बहुतेक वेळा हवेत बार काढून हुसकावणं एवढंच काम असतं. डुकराला मारायचं तर वन खात्याची परवानगी लागते आणि ती घेतल्याशिवाय बार टाकू नका असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. पण बंदूक घरात आहे म्हटल्यावर तिला पट्टा हवा, कव्हर हवं, साफ करायचा गज हवा. त्यावर आमचं घर चाललं.

सासऱ्यांच्या मागे काम माझ्याकडे आलं, आणि पहिली मोठी चूक माझ्याच हातून झाली. कव्हर आणखी देखणं व्हावं म्हणून मी आतून जाड फलालीन लावलं. दिसायला उत्तम. पावसाळा संपल्यावर कणकवलीचे एक काका एस.टी.ने आले, परवाना आणि बंदूक दोन्ही बरोबर घेऊन. बाकावर कव्हर ठेवलं आणि म्हणाले, "वयनी, ह्या तुमचा कव्हर, आणि ही माझी बंदूक. बघा, काय झाला ता." नळीवर बोटभर रुंदीचे गंजाचे चट्टे होते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या हवेत फलालिनीने ओल शोषली आणि चार महिने नळीला चिकटवून धरली. सालीत कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, त्याने भर घातली. पट्ट्यातल्या काडतुसांच्या पितळी बुडांवर हिरवी पूड चढली होती, तीही त्याच कारणाने. काकांनी आवाज चढवला नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

त्यांची नळी परवानाधारक कारागिराकडून साफ करून दिली, खर्च आमचा. त्यानंतर पट्ट्याची घरं चामड्याची करणं बंद केलं. बाहेरचा पट्टा चामड्याचा, पण काडतूस बसतं ते घर सुती नवारीचं. कव्हरात कॅनव्हास. आणि प्रत्येक कव्हराबरोबर एक कागद जाऊ लागला: कव्हर प्रवासासाठी आहे, घरी बंदूक कव्हरात ठेवू नका. आधी कोरड्या चिंधीने पुसा, मग तेलाचा पातळ हात फिरवा, कुलपाच्या कपाटात उभी ठेवा. आपलाच माल कमी वापरा असं सांगणारा कागद बघून एका व्यापाऱ्याने मला वेड्यात काढलं. तो कागद अजूनही जातो.

चोकच्या विषयात मी शिरले ती गिऱ्हाइकांच्या एका प्रश्नामुळे. पट्टा घेताना हमखास कोणी तरी विचारायचं, "फुल चोक करून मिळेल का? लांब जाईल." मला उत्तर येत नव्हतं. ओळखीच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे जुने कारागीर होते, त्यांच्या शेजारी बसून मी ते शिकले. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचांत केलेला बारीकसा आवळा. फुल चोक म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, हाफ म्हणजे अर्धा, क्वार्टर म्हणजे पाव. एवढ्याशा फरकाने छर्रे, म्हणजे काडतुसातल्या बारीक गोळ्या, लांब जात नाहीत की जोरात जात नाहीत, ते एकमेकांजवळ राहतात, इतकंच. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकने सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे पडावेत, हाफने साठ आणि बिनचोक नळीने चाळीस, असा जुना हिशेब आहे. जवळच्या अंतरावर फुल चोक उलट अंगावर येतो: छर्ऱ्यांचा फैलाव इतका अरुंद की नेम चुकायचीच शक्यता जास्त.

आपल्याकडच्या जुन्या दुनळीत हे चोक कायमचे घडवलेले असतात. रीत अशी की उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात दोन चोक आधीच आहेत, फक्त कोणता चाप कधी ओढायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. हे समजावलं की निम्मे लोक "मग काही करायला नको" म्हणून समाधानाने परत जातात. मोठे छर्रे, एल.जी. किंवा एस.जी., फुल चोकमधून दाबले जाऊन वेडेवाकडे होतात आणि अनेकदा हाफमधूनच नीट पडतात. नळीच्या मापाचा अखंड गोळा मात्र चोक असलेल्या नळीतून कधीही सोडू नये.

पण नळीला चोक किती आहे हे ओळखायचं कसं? लोक व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, नळीच्या तोंडाला लावतात आणि आकडा सांगतात. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. बारा बोअरचं ठरलेलं माप साडेअठरा मिलिमीटर, पण प्रत्यक्षात नळी त्याहून थोडी कमी-जास्त असते, आणि घासून-पुसून साफ केलेली जुनी नळी तर आणखी मोठी झालेली असते. चोक म्हणजे आतलं माप वजा तोंडाचं माप. दोन्ही घेतल्याशिवाय बोलायचं नाही.

इथे माझ्या पुतण्याचा हात लागला. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्याने पितळेचे प्लग, म्हणजे नळीत घालून माप घ्यायचे गोल तुकडे, टर्न करून दिले, दशांश मिलिमीटरच्या चढत्या मापाचे, लांब दांड्यावर चढणारे. पितळ अशासाठी की नळीला ओरखडा जाऊ नये. मागून नळीभर फिरेल तो सगळ्यात मोठा प्लग आणि तोंडातून निघेल तो सगळ्यात मोठा प्लग, या दोघांतला फरक म्हणजे तुमचा चोक. पहिला संच मापाला उतरला नाही, उन्हाळ्यातल्या दुपारी आणि सकाळी वेगळे आकडे येत होते, म्हणून त्याने सगळे पुन्हा केले, एकाच वेळी, गार झालेल्या तुकड्यांवर मोजून. आज आमचा सगळ्यात अभिमानाचा माल तोच आहे, आणि तो पुण्या-नाशकाच्या परवानाधारक दुकानांत जातो. मोजणी आम्ही कारखान्यात करत नाही. ती दुकानदाराच्या टेबलावर, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांतली काडतुसाची घरं रिकामी दाखवून, मालकासमोरच होते.

सुटे चोक, म्हणजे नळीच्या तोंडात फिरवून बसवायच्या ट्यूब, बनवा असा आग्रह बऱ्याच जणांनी केला. पुतण्याला ते जमलंही असतं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भाग हेही शस्त्रच धरलेत, आणि आमच्याकडे तो परवाना नाही. म्हणून त्या वाटेला गेलो नाही, जाणारही नाही.

ट्यूबांची माहिती मात्र ठेवावी लागते, कारण ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या ('पक्षी') फोडायचे नेमबाजीचे खेळ, खेळणारी मुलं-मुली आमच्याकडून ट्यूब ठेवायचे पाऊच, चावीची खोळ, काडतुसांची पिशवी घेतात. एक मुलगी मैत्रिणीने दिलेली ट्यूब घेऊन आली होती. दोन आटे बसायची आणि अडकायची. दोन्ही बेरेटाच्याच, पण बंदूक ऑप्टिमा चोकची आणि ट्यूब मोबिल चोकची. कंपनी एक असली तरी आटे एक नसतात. ती जोर लावून घट्ट करायच्या बेतात होती. तशीच उडवली असती तर नळीचं तोंड फुगलं असतं, कदाचित फाटलंही असतं. तिला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते: ट्यूब हाताने शेवटपर्यंत फिरली पाहिजे, चावी फक्त शेवटच्या आवळण्यापुरती. ट्यूबशिवाय बार काढायचा नाही, आटे जळतात. आट्यांना ग्रीसचं बोट लावायचं. आणि पंचवीस पक्ष्यांची फेरी संपली की बंदूक मोडून, रिकामी बघून, मग ट्यूब सैल झाली का ते पाहायचं. ट्रॅपला पक्षी लांब जाऊन फुटतो, म्हणून पहिल्या बाराला थ्री-क्वार्टर आणि दुसऱ्याला फुल चालतो. स्कीटला अंतर वीस मीटरच्या आसपास, तिथे मोकळीच नळी हवी. ट्यूबच्या कडेला खाचा असतात, एक खाच म्हणजे फुल आणि पाच म्हणजे सिलिंडर, बिनचोक. खाचा जितक्या जास्त तितका चोक मोकळा, आणि नवख्यांची गल्लत नेमकी इथे होते.

तरीही शेवटचा निकाल कागदाचा. रेंजवर मोठा कागद ताणून, आपल्याच बंदुकीतून, नेहमीच्याच काडतुसाने बार टाकायचा, दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि भोकं मोजायची. ट्यूबवर हाफ लिहिलेलं असतं आणि कागद फुल सांगतो, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून नवी ट्यूब घ्यायच्या आधी कागद दाखवा असा माझा हट्ट असतो.

एक वस्तू मागणी असूनही आम्ही केली नाही. नळीवर टॉर्च बसवायचा क्लॅम्प. रात्री माळ्यावर राखण करणाऱ्यांना तो हवा असतो, त्यांची अडचण मला कळते. पण अंधारात काय हललं ते बघायला बंदूकच रोखावी लागणार, आणि तिथे डुकराऐवजी शेजारचा माणूस असू शकतो. आम्ही त्यांना डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायला सांगतो.

निवडणूक जाहीर झाली की आमची तेलाची आणि पुलथ्रूची, म्हणजे नळी आतून पुसायच्या दोरीची, मागणी वाढते, कारण बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात आणि तिथे त्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. जमा करण्याआधी आतून जाड तेल द्या आणि परत घेतल्यावर पहिला बार काढण्याआधी ते पूर्ण पुसून काढा, हे सांगायला मी स्वतः फोनवर बसते.

सध्या पुतण्याच्या लेथवर चेंबरचा, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराचा, माप घ्यायचा गेज आहे. जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असतं आणि बाजारात ७० ची काडतुसं मिळतात. ७० हे माप काडतुसाचं तोंड उघडल्यानंतरचं. मिटलेलं असताना ते ६५ च्या घरात आरामात बसतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. बार झाला की तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कणकवलीच्या काकांची बंदूक अशीच निघाली, त्यांच्या वडिलांच्या वेळची. गेजचे पहिले सहा तुकडे तयार आहेत, एक सावंतवाडीला जाईल, आणि काकांना आम्ही ६५ चीच काडतुसं वापरायला सांगितलंय.