वाढदिवस नक्की कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या समोरच्या गुजराती बेनपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात: तुमच्या मुलाचा वाढदिवस वर्षातून दोनदा कसा येतो?

चिरंजीव जन्मले 6 ऑक्टोबर 2006 ला, रात्री. त्या दिवशी कोजागिरी होती. निरोप घरी पोचला तेव्हा सासूबाई दूध आटवत होत्या. पहिलं नातवंड आणि तेही पौर्णिमेचं! वाढदिवस तिथीनं करायचा, हे त्यांनी पातेलं उतरवायच्या आधीच ठरवून टाकलं. तसंही कोजागिरीला आपल्यात घरातल्या थोरल्या अपत्याची आश्विनी करतात, म्हणजे ओवाळणं आलंच होतं. पण शाळेला तारीख लागते आणि मित्रांना केक. म्हणून 6 ऑक्टोबरही राहिला.

तारीख एका जागी बसते, तिथी फिरते. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे तिथी दर वर्षी अकराएक दिवस आधी येते आणि मध्येच अधिक महिना पडला की पुन्हा पुढे ढकलली जाते. 2009 ला कोजागिरी 3 ऑक्टोबरला होती, केकाच्याही आधी. 2020 ला अधिक आश्विन आला आणि ती गेली थेट 30 ऑक्टोबरला. त्या वर्षी गुजरातेत गरबे बंद, मुलं घरात कोंडलेली. चौदा वर्षांचा हा कॅलेंडर घेऊन आजीसमोर बसला. “आजी, 1 ऑक्टोबरलाही आश्विनातलीच पौर्णिमा आहे. ती का नाही?” अधिकातली धरत नाहीत, निजातलीच धरायची, असं तिनं समजावलं. त्याला तिसरा केक दिसत होता, त्यामुळे पटलं नाही. 2023 ला कोजागिरीच्या रात्री चंद्रग्रहण होतं. वेध लागायच्या आत, भर दुपारी औक्षण उरकलं.

हा किती वाढला ते मला कळतं औक्षणाच्या तबकातल्या अंगठीवरून. निरांजन, अक्षता, सुपारी आणि सासूबाईंच्या बोटातली सोन्याची अंगठी. ओवाळून झालं की ती आधी याच्या हातात जायची. दोन वर्षांचा असताना अंगठ्यात घातली तरी गळून पडायची आणि पाटाखाली शोधावी लागायची. सहाव्या वर्षी अंगठ्यात राहिली. दहाव्याला मधल्या बोटात चपखल बसली, तेव्हा दिवसभर काढेना. आठवीत गेल्यावर करंगळीवर आला. बाकी उंचीच्या खुणा वगैरे आम्ही कधी केल्या नाहीत. दाराला रंग देताना पुसल्या जातात, आणि आमच्या जुन्या घराला रंग फार वेळा लागतो.

सासूबाई आधी खाली वाकून ओवाळायच्या. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे त्या खुर्चीवर आणि हा पाटावर. गुडघे पाटाबाहेर, पण डोकं बरोबर आजीच्या हातासमोर येतं. कुंकू लावायला दोघांनाही सोयीचं.

आणि 2025 ला तिथी नि तारीख एकाच दिवशी आली. 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात आणि चंद्र-सूर्याचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. मला हे माहीत नव्हतं; त्यानंच सुरतेहून, हॉस्टेलवरून फोन करून सांगितलं. “आई, या वेळी एकाच सुट्टीत काम होईल.” मला वाटत होतं, दोन-चार वर्षांपूर्वीच तर अंगठी शोधायला पाटाखाली हात घातला होता.

सोमवार होता. रविवारी रात्री आला, केकऐवजी घारी ही सुरतेची मिठाई घेऊन. संध्याकाळी समोरच्या बेन दूध-पौव्याची वाटी घेऊन आल्या. त्यांची शरद पूनम.

“आजे कयो, पहेलो के बीजो?” आजचा वाढदिवस पहिला की दुसरा, असं त्यांनी विचारलं.

“बन्ने,” हा म्हणाला. म्हणजे दोन्ही.

औक्षण झालं. त्यानं सवयीनं अंगठी करंगळीत सरकवली, ती पेरावर अडली. जरा जोर केला, तर तिथंच बसली. मग तूप लावून काढली. निरांजनातलंच.

नंतर गच्चीवर दूध पिताना त्यानं फोनवर पुढचं सगळं बघितलं. “आजी, यानंतर असं 2044 ला. 6 ऑक्टोबरलाच. मी अडतीस वर्षांचा असेन.”

“2044 चं 2044 ला बघू,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी कधी आहे ते सांग.”

“25 ऑक्टोबर. रविवार.”

“मग शनिवारी रात्रीच ये.”