गटारीची लादी आणि श्रावणातल्या अळकुड्या

शनिवार, निशिकासाई (टोकियो)

श्रावण तोंडावर आलाय, त्यामुळे आज ग्योमू सुपर या दुकानात जाणं भागच होतं. गटारीला इमारतीतली मराठी मंडळी आमच्याकडे जेवायला असतात. कोंबडीचा रस्सा माझ्याकडे, वडे नागपूरच्या वहिनींकडे. त्यांना मालवणी वडे शिकवले मी आणि आता त्यांचे माझ्यापेक्षा चांगले फुगतात. असो.

ग्योमू सुपर हे मुळात हॉटेलवाल्यांचं दुकान. कोबे बुस्सान या कंपनीनं २००० साली ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात पहिलं काढलं, आता देशभरात हजारावर आहेत. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं, शोभेच्या नावानं शून्य. खोकी फोडून तशीच मांडलेली आणि एका बाजूला फ्रीजरच फ्रीजर. साध्या गिऱ्हाइकांचंही स्वागत आहे असं बाहेर लिहिलेलं असतं. तरी नवीन आलेले भारतीय 'हे घाऊक दुकान, आपल्याला काय देणार' म्हणून पुढे निघून जातात.

मला विचाराल तर जपानमधलं आपल्या मापाचं दुकान हेच. नेहमीच्या सुपरमार्केटात भेंडी हिरव्या जाळीत मिळते, आठ-दहा नग. इथल्या घरात दोन भेंड्या उकडून, चकत्या करून तोफूवर टाकल्या की भागतं. आमच्याकडे चौघांच्या डब्याला अर्धा किलो लागते, म्हणजे किती जाळ्या उचलायच्या? वांगी तीन-चार, पालकाची एक इवलीशी जुडी. कोथिंबिरीच्या चार काड्यांचा भाव बघून तर भाजीवर फुकट कोथिंबीर टाकणारा आमचा चिपळूणचा भाजीवाला देवमाणूस वाटायला लागतो. ग्योमूत मात्र फ्रोजन भाजीचं पाकीटच अर्ध्या किलोचं. रोज पोळी-भाजीचे डबे भरणारं घर आणि छोटी खानावळ यांत तसा फरक काय आहे?

आपली म्हणावी अशी दुकानं निशिकासाईत आहेतच. २००० च्या आसपास संगणकवाले इंजिनिअर इथे यायला लागले, तोझाई लाइन या मेट्रोनं ओतेमाचीच्या, म्हणजे शहराच्या मध्यातल्या, ऑफिसात थेट जाता येतं म्हणून इथेच राहिले आणि मागोमाग किराणा आला. खोवलेलं नारळ, गवार, साबुदाणा मी तिथूनच आणते. पण रोजची भाजी तिथून आणली तर खिसा रडतो.

फ्रोजन भाजी म्हणजे शिळी भाजी, हे सासूबाईंचं ठाम मत. दर व्हिडिओ कॉलला ऐकते. शिळी नसते ती, अर्धी शिजलेली असते. गोठवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणजे रंग आणि चव टिकते. हे ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं. चिरलेल्या भेंडीला त्या पाण्यातच तार सुटलेली असते. ती वितळवायला ठेवली की संपलं. पाकिटातून काढून तशीच, मूठमूठ, कडकडीत तापलेल्या लोखंडी कढईत टाकायची. आधी आमसूल, झाकण अजिबात नाही, आणि मीठ शेवटी. मैत्रिणी म्हणतात ताज्यासारखी लागत नाही. खरंय, नाही लागत. पण मंगळवारी सकाळी सहा वाजता डबा भरताना एवढे नखरे मला परवडत नाहीत. तळलेल्या वांग्याचे तुकडे मात्र झकास, रस्सा वीस मिनिटांत. मटार घेताना पाकीट हलवून बघायचं. दाणे सुटे वाजले तर ठीक, एकच गोळा झाला असेल तर ते कुठेतरी वितळून परत गोठलंय. ठेवून द्यायचं.

आज खास घेतली ती सातोइमो, म्हणजे आपली अळकुडी. श्रावणातल्या उपासांची सोय. इथे ती सोलून, उकडून, सुपारीपेक्षा थोडी मोठी, एकसारखी गोल गोल मिळते. लहानपणी अळकुड्या सोलायला बसायचं म्हणजे हाताला तेल चोळून, तरी संध्याकाळपर्यंत खाज. इथे पाकीट फोडायचं, दोन भाग करायचे, तुपात जिरं-मिरची, वरून दाण्याचं कूट आणि सैंधव. वशाटाचं काय काय मिसळलेलं असेल ही भीती साध्या भाजीत नसते. तयार पदार्थांचं तसं नाही. डुक्कर आणि गाय यांची अक्षरं ओळखायला मी इथे आल्यावर पहिल्यांदा शिकले, जिलेटिनची नंतर. दुधाच्या लिटरभर खोक्यात मिळणारी कॉफी जेली लेकीला फार आवडते, पण शाकाहारी पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचलेली बरी.

मासळीत साबा घेतला. बांगड्याचाच नातलग. नॉर्वेचा साबा एवढा तेलकट की रवा लावून तव्यावर टाकला की स्वतःच्याच तेलात तळून निघतो. फक्त शिओसाबा असेल तर तो आधीच खारवलेला असतो, मसाल्यात मीठ घालायचं नाही. आपल्या बांगड्याची चव त्याला नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर माहेरचे म्हणतील पोरगी बाटली.

आणि चिकन. ब्राझीलहून आलेली, बिनहाडाच्या तंगड्यांची दोन किलोची लादी. रस्सा हाडांशिवाय म्हणजे काही खरं नाही, म्हणून हाडं वेगळी आणून आधी त्यांचं पाणी काढते. लादीचा तिढा असा की ती एकसंध गोठलेली असते, निम्मी मोडून घेता येत नाही. आणि एकदा वितळलेलं कच्चं चिकन परत गोठवायचं नाही. म्हणजे दोन किलो एका दमात संपवायचं. बाकी वर्षभर आम्ही दोन घरांत वाटून घेतो. मी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात परातीत ठेवते, सकाळी वहिनी डबा घेऊन येतात. पहिल्यांदा लादी बघून त्या म्हणाल्या होत्या, "बाप्पा! एवढ्यात तर आमच्याकडे लग्नाचा एक मांडव जेवतो." अतिशयोक्ती हा नागपूरकरांचा जन्मसिद्ध हक्क.

पैसे देताना नेहमीची गंमत. खाण्याच्या जिनसांवर आठ टक्के कर, पण पिशवी मागितली तर तिच्यावर दहा. म्हणून पिशव्या घरच्याच, आतून चांदी लावलेल्या. सायकलच्या पुढच्या टोपलीत तळाला उडोनची, म्हणजे जाड नूडल्सची, गोठवलेली पाकिटं, मध्ये साबा आणि चिकन, वर परत उडोन. बाहेर ऊन असं की हँडल हातात धरवत नव्हतं, पण घरी पोचेपर्यंत साबा दगडासारखा टणक होता.

खरी परीक्षा घरी. इथल्या फ्रीजचा फ्रीजर म्हणजे तळातला ड्रॉवर. मी शंभर येनच्या दुकानातले पुस्तकांचे लोखंडी आधार आणून त्यात पाकिटं उभी लावते, ऑफिसातल्या फायलींसारखी, नाव वर. आडवी रचली की तळातलं पाकीट दिवाळीलाच सापडतं. आज सगळं बसवलं, तरी उडोनच्या पाच वड्या बाहेर. चिकन उद्याच लागणार म्हणून ते खाली परातीत गेलं, तरीही दोन वड्या उरल्याच. नवरा म्हणाला, "मोठा फ्रीज घेऊ या का?" घेऊ, पण ठेवणार कुठे, बाल्कनीत?

म्हणून आत्ता फोडणीचे उडोन. मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे आणि चमचाभर गोडा मसाला. लेकीचं म्हणणं वर साबाही हवा. साबाचं पाकीट आज फोडायचं नाही, हे तिला तिसऱ्यांदा सांगून झालंय.