पुढच्या सीटवर दोन पक्ष, मागच्या सीटवर मी

सिनसिनाटी शहर ओहायो राज्यात आहे, पण त्याचा विमानतळ नदी ओलांडून पलीकडे केंटकी राज्यात. आमच्या कंपनीचं गोदाम विमानतळाच्या अंगाला, त्यामुळे मी रोज सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाते आणि संध्याकाळी परत येते. मधे ओहायो नदी आणि तिच्यावर ब्रेंट स्पेन्स पूल. 1963 सालचा, दुमजली. एका मजल्यावरून जाणारे, दुसऱ्यावरून येणारे. बांधला तेव्हा दिवसाला 80 हजार गाड्यांचा हिशोब धरला होता, आता त्याच्या दुप्पट जातात. गर्दी वाढली म्हणून 1980च्या दशकात कडेची मोकळी जागा काढून तिथेही गाड्यांची रांग केली. तेव्हापासून पुलावर गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागाच नाही. मी महाडची. पूल म्हटलं की माझ्या पोटात कालवतं, आणि महाडच्या कोणालाही ते का हे सांगावं लागणार नाही.

आम्ही तिघं एका गाडीने जातो. गाडी चालवतात ते रिपब्लिकन पक्षाचे, त्यांच्या शेजारी बसतात त्या डेमोक्रॅट. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारते, पण त्यांची नावं इथे देणं बरं नव्हे. माझ्या मनात ते कधीपासून भाऊ आणि मावशी आहेत, तेच ठेवते. भाऊ तरुणपणी सैन्यात होते. मावशींचे वडील नॉरवूडच्या मोटार कारखान्यात होते, घरात कामगार संघटनेचं वातावरण. आणि हो, इथे लाल रंग रिपब्लिकनांचा, निळा डेमोक्रॅटांचा. आपल्याकडचा लाल बावटा डोक्यात असेल तर पहिलं वर्षभर टीव्हीवरचा निकालाचा नकाशा उलटाच कळतो. माझं तसं झालं होतं.

मी 2011च्या ऑगस्टमध्ये इथे आले. त्याच आठवड्यात एका पतमापन संस्थेने अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा एक पायरी खाली आणला. देशाकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे. कर्जाची मर्यादा वाढवायची की नाही यावर दोन पक्ष शेवटच्या दिवसापर्यंत भांडत बसले म्हणून. आप्पांनी फोनवर विचारलं, "अगं, राष्ट्राध्यक्ष हो म्हणतो आणि तरी होत नाही, म्हणजे काय?" मी म्हटलं, आप्पा, इथे तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते. आप्पा गडबडले. "काँग्रेस? म्हणजे तिथेही?" मग त्यांना समजावलं की इथे काँग्रेस म्हणजे संसद, प्रतिनिधीगृह आणि सिनेट अशा दोन सभागृहांची. राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, संसद वेगळी, आणि दोघांचे पक्ष वेगळे असले की सरकार पडत नाही, नुसतं अडकून राहतं. आपल्याकडे निकालानंतर कोण कोणाच्या पंगतीला बसेल ते सांगता येत नाही, पहाटेसुद्धा शपथविधी होतो. इथे पंगती आधीच ठरलेल्या, आणि उठून पलीकडे जाऊन बसायची सोय जवळजवळ नाही.

त्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष ओबामा आमच्या पुलापाशी येऊन भाषण करून गेले. पूल मुद्दाम निवडला होता. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांचा मतदारसंघ नदीच्या अलीकडे, सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल नदीपलीकडच्या केंटकीचे. ओबामांनी दोघांची नावं घेऊन सांगितलं, पूल बांधायला मदत करा. काही झालं नाही. त्याच उन्हाळ्यात ओबामा आणि बेनर गुपचूप एक मोठा सौदा ठरवू पाहत होते. सरकारी खर्चात कपात मावशींच्या पक्षाला झोंबणारी, करवसुलीत वाढ भाऊंच्या पक्षाला झोंबणारी, दोन्ही एकदम. बातमी फुटली, दोन्हीकडचे खवळले, सौदा मोडला. चार वर्षांनी बेनर सभापतिपद सोडून घरी गेले. "विकला गेला होता," भाऊ म्हणतात. मावशी ओबामांबद्दल त्या सौद्यापुरतं नेमकं तेच म्हणतात, शब्द जरा मऊ वापरतात.

गाडीतलं भांडण बहुतेक वेळा अर्थव्यवस्थेवरून सुरू होतं आणि कोणत्या ना कोणत्या राष्ट्राध्यक्षावर येऊन थांबतं. मावशींचा इतिहास 1987 साली सुरू होतो. त्या वर्षी नॉरवूडचा कारखाना बंद पडला, वडील घरी बसले, आणि व्हाइट हाउसमध्ये रेगन होते. भाऊंचा इतिहास 1994 साली सुरू होतो. मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा हा व्यापार करार लागू झाला, क्लिंटन राष्ट्राध्यक्ष होते, आणि भाऊंच्या मते ओहायोतल्या कारखान्यांना तिथून घरघर लागली. एकदा मी मागून हळूच म्हटलं, नाफ्टावर सही थोरल्या बुशनी केली होती ना? आणि प्रतिनिधीगृहात त्याला डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांचीच मतं जास्त पडली होती. गाडीत शांतता पसरली. दोघांनाही ते आवडलं नाही. मावशींना आवडायला हरकत नव्हती, पण करार शेवटी संमत करून घेतला तो क्लिंटननी, म्हणजे तो मुद्दाही उघडायला नको. त्यानंतर मी इतिहासात फारशी तोंड घालत नाही.

गंमत नोव्हेंबरात येते. 2016च्या ऑक्टोबरपर्यंत भाऊंच्या लेखी देश भिकेला लागला होता. डिसेंबरात त्यांनी घराच्या छताचं काम काढलं, म्हणाले, आता दिवस बरे येताहेत. पगार तोच, पेट्रोलचा भाव साधारण तोच, बदलला होता फक्त निवडून आलेला माणूस. 2021 साली मावशींचं तसंच झालं. हे आमच्या गाडीपुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मिशिगन विद्यापीठ दर महिन्याला लोकांना विचारतं, तुमचं आर्थिक भविष्य कसं वाटतं, आणि तिथेही निवडणूक झाली की रिपब्लिकनांची आणि डेमोक्रॅटांची उत्तरं अशीच जागा बदलतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी बेकारी, महागाई, व्याजदर बघतात. आमच्या गाडीत आधी माणूस बघतात, मग भाव.

2022च्या जूनमध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या वर. केंटकीतल्या पंपावर कोणीतरी बायडन यांचं चित्र चिकटवलेलं असायचं, भावाच्या आकड्याकडे बोट दाखवणारं, खाली "हे मीच केलं" अशा अर्थाचं वाक्य. भाऊ दर वेळी मावशींना ते दाखवायचे. मावशी म्हणायच्या, युक्रेनमध्ये युद्ध बायडननी सुरू केलं का? 2025च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि डझनभर अंडी सरासरी सहा डॉलरच्या वर गेली. आता मावशींची पाळी. "काय हो, अंडी काय भाव?" भाऊ म्हणाले, कोंबड्यांना फ्लू ट्रम्पनी दिला का? मला दोन्ही उत्तरं पटली. फक्त उत्तर देणारा आणि विचारणारा यांची अदलाबदल झाली होती.

ओहायोलाही आपल्या मतदानाचा एक तोरा आहे. 1964 ते 2016 प्रत्येक निवडणुकीत या राज्याने ज्याला निवडलं तोच राष्ट्राध्यक्ष झाला. 2020 साली तसं झालं नाही. ओहायो ट्रम्प यांच्याकडे गेलं, निवडून आले बायडन. "ओहायो चुकलं नाही," भाऊ म्हणाले, "देश चुकला."

त्याच नोव्हेंबरात पुलावर दोन ट्रकची टक्कर होऊन प्रचंड आग लागली आणि पूल 22 डिसेंबरपर्यंत बंद राहिला. गोदामाचं काम घरून करता येत नाही, त्यामुळे आम्ही लांबून वळसा घालून जायचो. मत मोजणीचे दिवस, कोविडचे दिवस, आणि रस्ता दुप्पट, म्हणजे भांडणही दुप्पट. मावशी म्हणाल्या, मास्क लावल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही. भाऊ म्हणाले, माझ्या गाडीत मी मास्क लावणार नाही. दोन दिवस दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी गेले, पेट्रोलचा खर्च दिसला, आणि तिसऱ्या दिवशी ठरलं: भाऊ मास्क लावणार नाहीत, पण चारही खिडक्या उघड्या राहतील. ओहायोतल्या नोव्हेंबरची सकाळ! मी मागे शालीवर शाल पांघरून बसायचे. मला कोणी विचारलं नव्हतं. तडजोड दोघांची आणि थंडी तिघांना.

तडजोड हा शब्द माझ्या कानात आईच्या आवाजात येतो. "तडजोड केल्याशिवाय संसार होतो का," असं ती म्हणायची, आणि आमच्या घरात ती कायम तिनेच केली. त्यामुळे मला या शब्दाचा विशेष पुळका नाही. तरीही भाऊ आणि मावशी तो ज्या चिडीने उच्चारतात त्याने मी अजून दचकते. आमचा माणूस तडजोड करून आला, म्हणजे आमचं काहीतरी विकून आला.

आणि तरी पुलाचे पैसे आले ते तडजोडीतूनच. 2021 साली रस्ते, पूल, पाणी, वीज यांच्यासाठी सुमारे 1.2 लाख कोटी डॉलरचा कायदा झाला. रिपब्लिकनांच्या बाजूने बोलणी ज्यांनी चालवली ते सिनेटर रॉब पोर्टमन आमच्याच सिनसिनाटीचे. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की पुढची निवडणूक लढणार नाही, या पक्षीय कोंडीत काम होत नाही. सिनेटमध्ये 19 रिपब्लिकनांनी कायद्याला मत दिलं, त्यात मॅकॉनेलही. प्रतिनिधीगृहात 13 जणांनी. त्या तेरांपैकी काहींना धमक्यांचे फोन आले. पुलाला मत दिलं म्हणून!

2023च्या 4 जानेवारीला बायडन आणि मॅकॉनेल आमच्या पुलापाशी, केंटकीच्या बाजूला एकत्र उभे राहिले आणि नुकत्याच मंजूर झालेल्या 1.6 अब्ज डॉलरचा गाजावाजा झाला. जुन्या पुलाच्या शेजारी नवा बांधायचा. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकन पक्ष आपलाच सभापती निवडू शकत नव्हता. केव्हिन मॅकार्थी फेरीमागून फेरी हरत होते आणि शेवटी पंधराव्या फेरीत निवडून आले. सप्टेंबरअखेर सरकार बंद पडू नये म्हणून त्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांवर खर्चाचं विधेयक पार नेलं. तीन दिवसांत त्यांची खुर्ची गेली. त्यांना काढण्याच्या बाजूने डेमोक्रॅटांनीही मतं दिली, हे मावशींना आठवण करून द्यावं लागतं.

पूल केंटकीच्या मालकीचा आहे, कारण इथे नदीच जवळजवळ सगळी केंटकीची. टोल लावायचा विचार निघाला तेव्हा 2016 साली केंटकीच्या विधिमंडळाने कायदाच केला की टोल नाही. इतक्या वर्षांत भाऊ आणि मावशींचं या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत मी पाहिलं आहे. टोलनाक्यांवरच्या बाचाबाचीत वाढलेल्या मलाही त्यात सामील व्हायला वेळ लागला नाही. पैसे मग कोण देणार, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. आप्पा अधूनमधून विचारतात, "झाला का तुमचा पूल?" मी विचारते, झाला का आपला मुंबई-गोवा महामार्ग? मग दोघंही विषय बदलतो. पण महाडच्या सावित्री नदीवरचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला होता, हे ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. जुना पडल्यावर, हे मी म्हणत नाही.

2025च्या 1 ऑक्टोबरला सरकार पुन्हा बंद पडलं. बंद म्हणजे खर्चाचं विधेयक अडकलं, लाखो कर्मचारी बिनपगारी. सिनेटमध्ये 60 मतं लागतात, रिपब्लिकनांकडे तेवढी नव्हती, आणि आरोग्यविम्याची सवलत चालू ठेवल्याशिवाय मतं देणार नाही म्हणून डेमोक्रॅट, सिनेटमधले त्यांचे नेते चक शूमर यांच्यामागे, अडून बसले होते. भाऊंची सून विमानतळावर सुरक्षा तपासणीला आहे. तिला पगाराशिवाय कामावर जावं लागत होतं, घरी दोन लहान मुलं. भाऊ हे बोलले नव्हते. गोदामातल्या कोणीतरी मावशींना सांगितलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मावशी दोन मोठ्या पिशव्या घेऊन गाडीत चढल्या. दूध, पाव, डबाबंद सूप, मुलांसाठी सीरियल, आणि वर अंड्यांचं खोकं. पुढे पायापाशी जागा नव्हती म्हणून अंडी माझ्या मांडीवर आली. "सुनेला दे," एवढंच भाऊंना म्हणाल्या. भाऊंनी मान हलवली, आरसा सारखा केला, गाडी काढली. नदी येईपर्यंत कोणी बोललं नाही. मला वाटलं, चला, आज तरी शांतता.

पुलाच्या तोंडाशी रांग लागली होती. भाऊ म्हणाले, "तुमच्या शूमरनी मतं दिली असती तर तिला पगार मिळाला असता."

"तुमच्या ट्रम्पनी बोलणी केली असती तर," मावशी म्हणाल्या, "मला या पिशव्या उचलाव्या लागल्या नसत्या."

मग विमा, मग विम्याचे हप्ते, मग 2013चं बंद, मग 2018चं. पुढच्या आठवड्यात डेमोक्रॅट गोटातले आठ सिनेटर पलीकडे मत देऊन ते संपवणार होते, 43व्या दिवशी सही होणार होती, आणि मावशी त्या आठ जणांना जे काही म्हणणार होत्या ते मला इथे लिहिता येणार नाही. पण त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. बाजूने मोठा ट्रक गेला, पूल नेहमीसारखा हलला, मी अंड्यांचं खोकं दोन्ही हातांनी धरलं.

केंटकीच्या बाजूचा चढ लागला तेव्हा भाऊंनी आरशातून माझ्या मांडीकडे बघितलं आणि विचारलं, "किती पडली ती?"

"तुम्हाला काय करायचंय," मावशी म्हणाल्या. मग दोन मिनिटांनी, खिडकीबाहेर बघत, "उतरलाय भाव जरा."

"बघा," भाऊ म्हणाले, आणि तिथून पुढे गोदामापर्यंत पुन्हा कोंबड्या.