आमची वाटचाल: वजनकाट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत

२०११ साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या जागेत मी आहारसल्ला केंद्र सुरू केले, तेव्हा दर्शनी खोलीतली सर्वांत महाग वस्तू वजनकाटा ही होती. त्याच्या वर भिंतीवर एक तक्ता लावलेला असे आणि महिन्याला ठरल्याप्रमाणे ज्याचे वजन उतरे, त्याच्या नावापुढे मी स्वतः चांदणी चिकटवत असे. लग्न ठरलेल्या मुली, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या स्त्रिया, मधुमेहाचे रुग्ण असे लोक येत. चार वर्षे व्यवसाय उत्तम चालला.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्या तक्त्यावर सर्वाधिक चांदण्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या होत्या. ती पथ्य कधी मोडत नसे, वहीत घासन् घास लिहून आणत असे, आणि मी इतरांना तिचे उदाहरण देत असे. भर एप्रिलमध्ये ती स्वेटर घालून येई, हे मी डोळ्यांनी पाहत होते. तिची पाळी बंद झाल्याचे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जूनमध्ये तिच्या आईचा रुग्णालयातून फोन आला. मुलीची नाडी मिनिटाला चाळीसच्या खाली गेली होती आणि डॉक्टरांनी अनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत जाण्याचा मानसिक आजार, असे निदान केले होते. आईने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, “मॅडम, ती तुमचाच शब्द मानते. आता तिला खायला सांगाल का?” ते कसे सांगायचे, याचे शिक्षण माझ्याजवळ नव्हते.

तक्ता मी त्याच आठवड्यात काढला. पुढची दोन वर्षे नियमित काम निम्म्यावर आणून मी एका अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकले. अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी रूढ केले, म्हणजे हा आजार मोबाइलच्या काळातला नाही, हेही मला तेव्हाच नीट कळले. सर्वांत उपयोगी पडला तो १९४४–४५ मधला मिनेसोटा विद्यापीठाचा उपासमारीचा प्रयोग. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्या धडधाकट पुरुषांना दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना; ते पाककृती जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास पुरवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. “आमची मुलगी हट्टी झाली आहे” असे म्हणणाऱ्या पालकांना मी आजही आधी हा प्रयोग सांगते, कारण हट्ट वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी ही उपाशी मेंदूची लक्षणे असतात आणि पोटात पुरेसे अन्न नियमित जाऊ लागल्याशिवाय ती ओसरत नाहीत. वजनांचे आणि उष्मांकांचे आकडे मात्र मी या लेखात मुद्दाम दिलेले नाहीत. आजारी वाचक त्या आकड्यांशी स्वतःची तुलना करतात.

२०१७ मध्ये वजन घटवण्याचे सर्व कार्यक्रम आम्ही बंद केले. उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आले, एक सहकारी सोडून गेली आणि भाड्यासाठी मला बहिणीकडून पैसे घ्यावे लागले. वजनकाटा आतल्या खोलीत गेला. गरज असेल तेव्हाच, काट्याकडे पाठ करून उभे राहायला सांगून आम्ही वजन घेतो. त्याच्या जागी चार माणसांचे जेवणाचे टेबल आणि शेगडी आली. या आजारात नुसता कागदावर आहार लिहून देण्याला फारशी किंमत नसते. मूठभर भात पाहून जिचे हात थरथरतात, तिच्या शेजारी बसून आपणही तोच भात जेवणे, हे आमचे मुख्य काम झाले.

ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि कामे आखणे अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या माणसांकडे आम्ही याच वाटेने पोहोचलो. अनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये ऑटिझमची लक्षणे बरीच आढळतात, आणि आमच्याकडच्या दोन मुलींना बारीक व्हायचेच नव्हते. त्यांना अन्नाचा स्पर्श, वास आणि आवाज सोसत नव्हता. वजनाच्या भीतीशी संबंध नसलेल्या अशा अन्न टाळण्याच्या विकाराला २०१३ साली डीएसएम-५ या निदानसंहितेत ‘आर्फिड’ हे स्वतंत्र नाव मिळाले. घरात मात्र त्याला अजूनही ‘खाण्याचे नखरे’ म्हणतात.

आमच्याकडे आलेला आठ वर्षांचा एक मुलगा केवळ पांढरा भात, कुरकुरीत वेफर्स आणि एकाच कंपनीचे ग्लुकोज बिस्किट खात असे. कंपनीने पुड्याचे वेष्टन बदलले आणि त्याने बिस्किटही सोडले. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, असे आईने बोलता बोलता सांगितले, म्हणून आम्ही त्याला प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. क जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता निघाली. गोळी भातात कुस्करून घालावी, असे घरच्यांच्या मनात होते. ते आम्ही होऊ दिले नाही, कारण विश्वासाच्या पदार्थात गुपचूप काही मिसळले आणि मुलाला कळले, तर तो पदार्थही कायमचा हातचा जातो. गोळी त्याला उघड दाखवली आणि तिची वेगळी डबी त्याच्याच ताब्यात दिली. स्टीलच्या ताटावर चमचा घासल्याचा आवाज त्याला सुईसारखा टोचतो, हे आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजच्या कृती जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञाने, ओळखले. ताट बदलले आणि फोडणी तो शाळेत असताना व्हायला लागली. मग जुन्या बिस्किटापासून त्याच आकाराचे दुसरे बिस्किट, तिथून टोस्ट, टोस्टवरून साजूक तूप लावलेला टोस्ट, अशा एकेका पायरीने आम्ही पुढे गेलो. तुपापर्यंत पोहोचायला सात महिने लागले. आज तो अकरा पदार्थ खातो, आणि ते अकरा पुरेसे पोषण देतात.

मोठ्या माणसांचे प्रश्न वेगळे असतात. एडीएचडी असलेल्या एका संगणक अभियंता बाईंना सकाळच्या औषधाने भूक लागत नसे, दुपारी जेवायचे लक्षात राहत नसे आणि रात्री नऊनंतर त्या पोट दुखेपर्यंत खात. भाजी निवडणे, चिरणे, फोडणी देणे, कणीक मळणे, लाटणे, भाजणे, आवरणे, या पायऱ्या आम्ही मोजल्या तेव्हा पोळीभाजी त्यांना का जमत नाही, ते त्यांनाही कळले. औषधाआधी नाश्ता, दुपारी दोन वाजता गजर, तयार पोळ्या आणि डोळ्यांसमोर काचेच्या बरणीत भाजलेले दाणे, एवढ्यावर रात्रीचे खाणे बरेच निवळले. विकतची पोळी खाण्यात कमीपणा नाही, हे त्यांना पटायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला.

आपल्याकडे उपवास हा या आजाराचा मोठा आडोसा आहे. एका मुलीचे सोमवार होते, त्यात गुरुवार आणि शनिवार आले, मग चातुर्मास धरला, आणि घरात तिच्या भक्तीचे कौतुक होत राहिले. आम्ही त्यावर काहीही बोललो असतो तरी तो श्रद्धेवरचा आघात ठरला असता. मार्ग तिच्या आजींनी काढला. आमच्या टेबलाशी बसून त्या म्हणाल्या, “आजाऱ्याला उपवास नसतो, बाळा. तुझे सोमवार मी करते, तू जेव.” मुलीने त्या दिवशी वरणभात संपवला. असे आजीआजोबा आम्ही आता पहिल्या महिन्यातच बोलावून घेतो. मात्र “किती वाळलीस” किंवा “आता तब्येत छान भरली” ही दोन्ही वाक्ये टाळण्याची विनंती त्यांना आधी करतो.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही व्हिडिओवर एकत्र जेवणे सुरू केले. त्यातून नाशिक आणि कोल्हापूरच नव्हे, तर परदेशातली मराठी कुटुंबेही जोडली गेली. तिथल्या आहारतज्ज्ञांना थालीपीठ आणि मेतकूट-भात समजावताना ती दमून गेली होती.

आज आम्ही सहा जण आहोत: तीन आहारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि टेबल सांभाळणाऱ्या आमच्या मावशी. पहिली भेट दीड तासाची असते आणि दर पाचवी जागा सवलतीच्या शुल्कात देतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घातले, तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि वजन सामान्य दिसणाऱ्या माणसालाही हा धोका असतो. म्हणून चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड, वारंवार उलट्या किंवा कित्येक दिवसांचा उपवास यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि रक्तचाचण्या करून घ्याव्यात, असे आमच्याकडे फोनवर वेळ देतानाच सांगितले जाते. प्रकृती स्थिर झाल्यावर टेबलावरची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते.