फॉर्मवर 'पेंटर' असंच लिहा

मी पुण्यात बिल्डिंगचं बाहेरचं रंगकाम करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कॉलमला दोर बांधायचा, कठड्याच्या कडेवर गोणपाट घालायचं म्हणजे दोर घासून तुटत नाही, कमरेच्या बेल्टचा दोर वेगळ्या जागी बांधायचा आणि मग फळीवर बसून मजला-मजला खाली उतरायचं. गाठ मारली की दुसऱ्याने ती ओढून बघायची, हा आमच्यातला नियमच. पण हीच माणसं विम्याच्या फॉर्मवर न वाचता सही ठोकतात, ते मला फार खटकतं.

गेल्या वर्षी साइटवर एक एजंट आला होता. आमच्यातल्या एका पोराचा फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात त्याने सरळ 'किराणा दुकान' लिहिलं. म्हणे, उंचीवरचं काम लिहिलं की हप्ता वाढतो, कधीकधी कंपनी नाकारते. हप्ता वाढतो हे खरं आहे, धोक्याच्या कामाला जादा आकार लावतातच. तरी मी पोराला सही करू दिली नाही. विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की पॉलिसीची तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत, महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा लपवली म्हणून दावा नाकारता येतो. उद्या पंचनाम्यात लिहिणार 'इमारतीला रंग देताना पडून मृत्यू' आणि फॉर्मवर दुकानदार! हे भांडण कोण भांडणार? त्याची बायको. एजंट तेव्हा फोनसुद्धा उचलणार नाही.

खरा धंदा लिहूनही विमा मिळतो. जानेवारी २०२१ पासून आयुर्विमा कंपन्यांना 'सरल जीवन विमा' द्यावा लागतो. ५ ते २५ लाखांचा साधा टर्म विमा आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे मिळतात. तुमचं काम किंवा शिक्षण बघून तो नाकारायचा नाही, असा विमा नियामकाचाच नियम आहे. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण असतं. हप्ता थोडा जड वाटेल, पण दहावीही न झालेल्या आमच्यासारख्यांना हा दरवाजा उघडा आहे आणि एजंट त्याचं नाव काढत नाहीत.

तोही जमत नसेल तर निदान बँकेत जा. तिथे सरकारच्या दोन विमा योजना आहेत: प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये, प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २०. पहिल्यात मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख (नव्याने शिरलात तर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूला), पण त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं. दुसरा फक्त अपघाताचा, सत्तर वर्षांपर्यंत, आणि आमच्या कामात तो फार मोलाचा, कारण पडलेला प्रत्येक जण मरत नाही. दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर २ लाख, एक झाला तर १ लाख. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात ४५६ रुपये नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. आमच्याकडे नेमका तेव्हाच पावसाआधीच्या कामाचा पगार अडकलेला असतो. म्हणून हे पैसे मे लागताच बाजूला काढून ठेवा.

आणि राज्य सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. रंगकाम त्यात येतं. कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. पण कार्ड चालू हवं, म्हणजे दरवर्षी नूतनीकरण, आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतात. म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक पोराची हजेरी मी वहीत मांडतो, आणि नव्वद दिवस भरले की त्याच्यासोबत स्वतः जाऊन ठेकेदाराची सही-शिक्का घेतो.