उकरून बघण्याची खोड

घेवड्याचं बी मातीत टाकलं की पाचव्या दिवशी मी ते उकरून बघते. बघू नये हे कळतं. पण वसंतात अंगणात उभं राहून हात स्वस्थ ठेवणं मला कधी जमलेलं नाही. कालपर्यंत नुसती काटकी वाटणाऱ्या गुलाबाला पेरापेरांतून लालसर डोळे फुटलेले असतात, जिकडेतिकडे कोवळी पालवी, आणि आपला वाफा मात्र काळा, गप्प. मग बोट आपसूक मातीत शिरतं.

यंदाही शिरलं. बी फुगून जवळजवळ दुप्पट झालं होतं. साल सुरकुतून एका बाजूनं फाटलं होतं आणि त्या फटीतून नखाएवढं पांढरं मूळ बाहेर पडून खाली वळलं होतं. खाली कुठे आहे हे त्याला अंधारात कुणी सांगितलं कोण जाणे. मला इतका आनंद झाला, की बी परत ठेवताना तेच मूळ मोडलं.

आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, “झालं समाधान? आता झोपू दे त्याला.”

खरं तर सगळा दोष माझा नाही, हवेचाही आहे. ऊन कोवळं असतं, अंगावरचा स्वेटर नकोसा होतो आणि आपल्याला वाटतं, आलाच वसंत. पण हवा तापते आधी आणि माती मागाहून, सावकाश. माती 15 अंशांच्या खाली असली तर घेवडा ढिम्म हलत नाही, ओल फार असेल तर चक्क कुजतो. तीच माती 20-25 अंशांवर गेली की आठ-दहा दिवसांत रोप वर.

शेजारच्या आजोबांना हे आकडे लागत नाहीत. ते मूठभर माती घेतात, घट्ट दाबतात आणि त्या गोळ्याला अंगठ्यानं टोचतात. गोळा भुसभुशीत फुटला तर खणायचं. चिकट लाडवासारखा राहिला तर खुरपं ठेवून घरात जायचं. एका वर्षी मी त्यांचं न ऐकता ओली माती खणली. तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबून गेल्या आणि वाळल्यावर वाफ्यात अशी ढेकळं झाली, की भिंत बांधावी. आजोबा काही बोलले नाहीत. नुसते बघून गेले, ते जास्त लागलं.

हाताची खाज भागवायला झेंडू बरा. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा गेला, की दबलेले डोळे जागे होतात आणि काटकुळं रोप बघता बघता झुडूप होतं. तण उपटण्याचं सुख याहूनही मोठं. पाऊस पडून गेल्यावर बुडाशी धरून हलकेच ओढलं, की ते मुळासकट सुटून येतं, पांढऱ्या मिश्या लोंबत. अशी तीस-चाळीस उपटली की मन साफ होतं. कोरड्या मातीत मात्र हातात नुसता शेंडा येतो आणि मूळ खाली बसून हसतं.

खणताना गांडूळ दिसलं, की मी त्याला ओंजळीतून पलीकडे नेऊन सोडते. आणि मला दरवेळी डार्विन आठवतो. त्यानं 1842 साली आपल्या घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि तो थांबला. 1871 साली तिथं चर खणला, तेव्हा पांढरे तुकडे सुमारे सात इंच खाली गेलेले होते. वरची सगळी माती गांडुळांनी खालून आणून टाकलेली. म्हणजे 29 वर्षं! उकरून त्यानंही पाहिलंच की, पण 29 वर्षांनी. मला पाच दिवस निघत नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी वाफ्याला बारीक भेगा पडल्या. गुडघ्यांवर बसून पाहिलं, तर भेगेतून एक फिकट कमान वर आली होती. घेवडा डोकं वर काढून येत नाही, मान पुढे करून येतो. कोवळा शेंडा खाली लपवायचा आणि वाकलेल्या मानेनं माती रेटायची. उजेड लागला की मान हळूहळू सरळ होते. दुपारपर्यंत एकानं डोकं उचललंही होतं. दोन जाडजूड दलं, आणि त्यांतल्या एकाला बियाचं साल चिकटलेलं, तिरकी टोपी घातल्यासारखं. ते काढून टाकायला हात पुढे झाला होता. आई खाकरली.

बारापैकी अकरा आली. बारावी जागा त्या मोडक्या मुळाची. मुख्य मूळ तुटलं तरी कडेनं नवी मुळं फुटू शकतात, म्हणून मी आशा सोडलेली नाही. आज चौदावा दिवस. सकाळपासून दोनदा जाऊन आले, हात मागे बांधून. खुरपं आईनं कुठे ठेवलंय, विचारलं तर सांगत नाही.