गिअर शाफ्टची गळती: नवे सील बसवूनही तेल का येत राहिले

वडिलांनी 1996 साली घेतलेली शंभर सीसीची चारस्ट्रोक गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीत ती पुन्हा चालू केल्यावर रोज सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग दिसू लागला, आणि वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत डाव्या बुटाची टाच तेलकट होऊ लागली.

तेल सुटते एकीकडे आणि वाऱ्याने मागे ढकलले जाऊन ओघळते दुसरीकडे, म्हणून ओघळ पाहून निदान करू नये. इंजिनची डावी बाजू डिझेल व ब्रशने धुऊन कोरडी केली आणि मॅग्नेट कव्हरच्या (त्या बाजूच्या झाकणाच्या) सांध्यावर व गिअर शाफ्टभोवती, म्हणजे ज्यावर गिअरचा पायदांडा बसतो त्या दांड्याभोवती, टाल्कम पावडर भुरभुरली. दहा मिनिटे गाडी चालवल्यानंतर कव्हरच्या पॅकिंगवरची पावडर पांढरीच होती. शाफ्टच्या खाली मात्र चंद्रकोरीसारखी ओली, मधाच्या रंगाची रेघ उमटली होती. चेनचे वंगण काळे आणि चिकट असते, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या जुन्या सीलची ओठासारखी रबरी कड नखाइतकी निबर झाली होती. ते काढताना स्क्रू-ड्रायव्हरने बैठकीवर ओरखडा पडू देऊ नये, कारण तेवढ्या ओरखड्यातूनही तेल पाझरते. मी सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू फिरवून तो पकडीने सरळ ओढला. नवे सील सरकवण्यापूर्वी शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळले, नाहीतर ते दातेच नवी कड कापतात. कडेला तेल लावले आणि सीलच्या बाहेरील व्यासाएवढा सॉकेट टेकवून, हलक्या हाताने, सर्व बाजूंनी सारखे ठोकत ते बसवले.

चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा ओल आली.

तेल जास्त भरले असेल असे वाटून पातळी तपासली, पण ती दोन खुणांच्या मध्येच होती. इंजिन बंद करताच तेलाचा दांडा सैल केला, तेव्हा मात्र ‘फुस्स’ असा स्पष्ट आवाज झाला आणि विचाराची दिशा बदलली. दट्ट्या (पिस्टन) खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे त्याखालच्या इंजिनच्या पेटीतली, हवा दाबली जाते. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर हे सेकंदाला सुमारे 67 वेळा घडते, शिवाय दट्ट्याच्या रिंगांच्या कडेने निसटलेला वायू त्यात भर घालतो. हा दाब ब्रीदर पाइपमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडावा अशी रचना असते, आणि ती वाट बंद झाली की तो सर्वांत कमकुवत सीलमधून तेल ढकलतो.

पाइप काढून फुंकर मारली तर हवा मुळीच जाईना. तारेने टोकरल्यावर वाळलेल्या मातीचा बोटाच्या पेराएवढा गोळा बाहेर आला. गाडी उभी असताना कुंभारीण माशीने आत घर बांधले होते. पाइप धुऊन परत जोडला, सीलला हातही लावला नाही.

जुने सील खराब होते हे खरेच, आणि ते बदलावेच लागले असते; पण फुंकर मारण्याचे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. त्यानंतर 420 किलोमीटर झाले, त्यात पसरणी घाट दोनदा. काल शाफ्टखाली पुन्हा पावडर लावली, ती कोरडी राहिली. आता इंजिनच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरची रबरी ओ-रिंग किंचित ओलसर दिसते; तिचे काम पुढच्या रविवारी घेईन.